बावीस गोदावऱ्या

आमच्या शाळेच्या संगणकखोलीचा मी प्रमुख आहे. शिकवतो गणित. पण चार वर्षांपूर्वी हेडसरांच्या प्रिंटरमध्ये अडकलेला कागद मी ओढून काढला आणि 'यांना यातलं कळतं' असा शिक्का बसला, तो बसलाच. पुढे कुणीतरी वापरून झालेले २२ संगणक शाळेला भेट दिले. एकाच कंपनीचे, एकाच मॉडेलचे, सगळे काळेकुट्ट. हेडसर म्हणाले, "सगळे सारखेच आहेत, म्हणजे तुम्हाला सोपं."

सोपं कसलं! साधा मराठी कीबोर्ड बसवायचा म्हटलं तरी २२ वेळा तेच क्लिक. चौदाव्यावर पोचलो की तेराव्याचं झालं होतं का, ते आठवेना. मग शिपाईमामा झालेल्या संगणकावर खडूने बरोबरची खूण करत माझ्या मागून येऊ लागले. पद्धत छान चालली. दुसऱ्या दिवशी मामांनीच ओल्या फडक्याने सगळे संगणक लख्ख पुसले.

ओळख पटावी म्हणून संगणकांना नावं द्यायचं ठरलं. हे काम भूगोलाच्या बाईंनी हौसेने अंगावर घेतलं. गोदावरी, कृष्णा, कोयना, पंचगंगा... यादीत भीमाही होती आणि चंद्रभागाही. मराठीचे सर म्हणाले, "अहो, पंढरपुरात भीमेलाच चंद्रभागा म्हणतात. एकाच नदीला दोन संगणक कसे?" यावर अख्खी मधली सुट्टी गेली. शेवटी चंद्रभागेच्या जागी वैनगंगा आली. तेव्हापासून आमच्या स्टाफरूममध्ये 'मुळा चालू आहे, पण मुठा अडकलीय' अशी वाक्यं कुणाला खटकत नाहीत.

मग मला क्लोनझिला नावाच्या प्रोग्रामचा शोध लागला. एक संगणक मनासारखा सजवायचा, त्याच्या डिस्कचा साचा काढायचा आणि बाकीच्यांवर जसाच्या तसा उतरवायचा. पैसे शून्य. गोदावरीला मी नवरीसारखं नटवलं. ऑफिस, ब्राउझर, मराठी फॉन्ट, सगळं. रविवारी डबा घेऊन शाळेत बसलो आणि संध्याकाळपर्यंत २१ संगणकांवर साचा उतरवला. घरी जाताना शीळ घालत गेलो.

सोमवारी नववी ब आली आणि कळलं, की महाराष्ट्रातल्या सगळ्या नद्या आटून आता २२ गोदावऱ्या झाल्यात. साच्याबरोबर नावही उतरलं होतं. नावाचं एक वेळ चाललं असतं. पण गोदावरीला मी स्वहस्ते नेटवर्कवरचा १९२.१६८.१.११ असा पक्का पत्ता दिला होता, तोही सगळ्यांकडे गेला. एकाच पत्त्यावर २२ बिऱ्हाडं! पोस्टमनने करावं काय? नेट घटकाभर पहिल्या रांगेत, घटकाभर खिडकीपाशी. मुलं "माझ्याकडे आलं! गेलं! तुझ्याकडे आलं!" असं ओरडत होती. इतक्या आनंदात त्यांनी माझा एकही तास केलेला नाही.

मग मी हाताने पत्ते देणं सोडलं आणि ते काम राउटरवर सोपवलं. राउटर तीन. एक नेटवाल्याने दिलेला, दोन आम्ही मागच्या खोल्यांसाठी आणलेले. कारखान्यातून येतानाच तिघांचा स्वतःचा पत्ता १९२.१६८.१.१, आणि तिघेही पत्ते वाटायला तयार. म्हणजे एका एसटीत तीन कंडक्टर, प्रत्येकाच्या हातात तिकिटांची वेगळी पेटी, आणि 'गाडीचा कंडक्टर मीच' असं तिघांचं म्हणणं. उपाय सोपा होता, सापडायला तीन शनिवार गेले, इतकंच. दोघांचं डीएचसीपी, म्हणजे पत्तेवाटपाचं खातं, बंद केलं, त्यांना .२ आणि .३ असे वेगळे पत्ते दिले आणि वायर निळ्या वॅन पोर्टातून, म्हणजे बाहेरचं नेट आत येण्याच्या दारातून, काढून शेजारच्या लॅन पोर्टात, म्हणजे घरातल्या संगणकांच्या दारात, खोचली. पासवर्ड प्रत्येकाच्या पाठीवर चिकटपट्टीने डकवले. हे करू नये म्हणतात. पण वहीत लिहावं तर वही हेडसर नेतात.

शेवटी आलं अ‍ॅन्सिबल नावाचं सॉफ्टवेअर. फाइलमध्ये हुकूम लिहायचा, तो आपल्या खुर्चीतून सगळ्या संगणकांवर जातो. ही फाइल भारी सोवळ्याची. दोन स्पेसच्या जागी एक पडली की रुसते, टॅब तर तिला शिवलेलाही चालत नाही. शुद्धलेखनाच्या पेपरातसुद्धा मी इतका घाबरलो नव्हतो. पण जमलं. एका एंटरमध्ये सगळ्या नद्यांना आपापली नावं परत मिळाली. चहा पीत पीत मी महाराष्ट्राचं जलसंपदा खातं चालवत होतो.

तेवढ्यात कोयनेचं घड्याळ बिघडलं. रोज सकाळी ती कित्येक वर्षं मागे जाऊन उठायची आणि तारीख चुकीची म्हणून बँकेपासून निकालापर्यंत कुठलीच साइट तिला दारात उभी करायची नाही. घड्याळ चालू ठेवणारा आतला रुपयाएवढा गोल सेल संपला होता. बदलायला बंद करणं आलं. खोली दोन जिने खाली. कोण उतरणार? फाइल उघडली, बंद करण्याचा हुकूम लिहिला, एंटर मारला. वरच्या ओळीत 'कोयना' लिहायचं होतं. तिथे मागच्या कामाचं 'ऑल' तसंच राहिलं होतं.

खालून आधी शांतता आली. मग नववी ब चा जल्लोष. मग बाईंचा आवाज, कारण पाऊण तास त्या विद्यार्थ्यांची माहिती ऑनलाइन भरत होत्या आणि 'सेव्ह' शेवटी करायचं असतं, अशी त्यांची श्रद्धा आहे. शिपाईमामा धापा टाकत वर आले. "सर, लाइट गेली, पण पंखे फिरतायत!"

या चुकीसाठी मला पूर्वी २२ खुर्च्या फिराव्या लागल्या असत्या आणि तिसऱ्या खुर्चीवर कुणीतरी मला अडवलं असतं.

बाई आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. काल हेडसर हसत आले. आणखी दहा संगणक मिळालेत. सगळे वेगवेगळ्या कंपन्यांचे. बाईंनी लगेच वही उघडली. "यांना डोंगरांची नावं देऊ. यातला कळसूबाई माझ्या टेबलावर ठेवा," त्या हेडसरांना म्हणाल्या, "आणि त्याची नेटची वायर काढून माझ्याकडे द्या."