गटाराच्या भूमिपूजनाला जाताना

तुमच्या प्रभागात गटाराचं भूमिपूजन आहे आणि व्हॉट्सअ‍ॅपवर आमंत्रण आलंय? अभिनंदन. म्हणजे पावसाळा तोंडावर आला. आपल्याकडे कोकणात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, पण तो दरवर्षी जूनमध्ये अगदी अचानक येतो ना, कोणाला कल्पनाच नसते, त्यामुळे गटाराचं काम मे महिन्यातच निघतं. आमच्याकडे यंदा निघालं. त्या अनुभवावरून होतकरू नागरिकांसाठी चार गोष्टी सांगतो.

पहिलं म्हणजे वेळ. दहाची दिली असेल तर साडेअकराला जा, नारळ तोवर पोचलेला नसतो.

फोटोत मागच्या रांगेत उभं राहा आणि हसा. खड्ड्याकडे बघू नका, कॅमेऱ्याकडे बघा.

आता नगरपरिषदेच्या प्रभागात नगरसेवक दोन असतात हे तुम्हाला माहितीच आहे, आणि दोघं दोन पक्षांचे असतील तर तुमच्यासारखे भाग्यवान तुम्हीच. आमच्याकडे एकाच गटाराचं भूमिपूजन सकाळी एकदा झालं आणि संध्याकाळी परत एकदा झालं, त्याच चिऱ्यावर दुसरा नारळ फुटला, कुदळसुद्धा तीच, फक्त रिबीन बदलली. फ्लेक्स दोन लागले. दोन्हींवर 'अथक पाठपुराव्यामुळे मंजूर'. फ्लेक्सची लांबी बघितली तर गटारापेक्षा फार कमी नाहीये, आणि खरं सांगायचं तर तोच जास्त कामाचा निघाला, एका काकूंनी तो वाऱ्याने पडल्यावर नेऊन लाकडांवर घातला, सुकी राहिली लाकडं.

काम सुरू झालं की तिकडे फिरकू नका. ही सगळ्यात महत्त्वाची सूचना. फिरकलात तर दिसतं आणि दिसलं की त्रास होतो. मी फिरकलो. दोन मुलं होती कामावर, परप्रांतातली, बिचारी उन्हात राबत होती, त्यांचा काही दोष नाही, पण त्यांच्याकडे पातळी बघायची पाणसळ नव्हती, साधी पारदर्शक नळी असते ना पाणी भरून धरायची, तीही नव्हती. दोरी होती एक. मुकादमाला म्हटलं, अहो उतार कसा बघताय? तर म्हणाला, "काका, नजरेने कळतं आम्हाला." नजरेने! मी म्हटलं इस्टिमेट बघू, तर ते ऑफिसात. इंजिनिअर कुठे, तर ते दुसऱ्या साइटवर. दुसऱ्या साइटवर गेलो असतो तर ते पहिल्या साइटवर असते. आणि मग झालं ते झालं, स्लॅब ओतून झाला, फोटो गेला ग्रुपवर, 'शब्द दिला, पूर्ण केला', पन्नास अंगठे आले, आणि चार दिवसांनी वळवाची एक सर आली. एकच सर. पाणी पऱ्याकडे, म्हणजे खालच्या ओढ्याकडे, जायचं सोडून वर यायला लागलं. खालच्या घरी आंबे खाऊन टाकलेल्या बाठी तरंगत तरंगत चढण चढून माझ्या गेटशी आल्या आणि तिथे गोल फिरत बसल्या. थोड्या वेळाने पाणी अंगणात, मग पडवीत, सायकलचं अर्धं चाक बुडालं. जुनं गटार जांभ्याचं होतं, वाकडंतिकडं, गवत उगवलेलं, कुठल्या तरी आजोबांच्या काळातलं, पण त्या माणसाला एवढं माहिती होतं की पाणी वरून खाली जातं. ते फोडून हे बांधलं.

तक्रार कोणाकडे करायची याचंही एक शास्त्र आहे. एका नगरसेवकांना फोन केला तर म्हणाले, "ते काम त्यांच्या शिफारशीचं आहे, त्यांना विचारा." दुसऱ्यांना केला तर म्हणाले, काका, तुमची बाजू आमच्या प्रभागात येते पण गटाराची पलीकडची भिंत शेजारच्या प्रभागात जाते, हद्द गटाराच्या मधूनच आहे. म्हणजे पाणी कुठल्या प्रभागातलं ते आधी ठरवावं लागणार, मतदार यादीत नाव शोधावं लागणार त्याचं.

ऑफिसात जायचं असेल तर सोमवारी जाऊ नका, मीटिंग असते. मंगळवारी व्हीसी, म्हणजे व्हिडिओ कॉन्फरन्स. बुधवारी साहेब जिल्ह्याला. पुढचं तुम्हाला पाठ आहे.

ग्रुपवर लिहायचं असेल तर 'सुप्रभात' लिहा.

माहितीचा अधिकार वगैरे वापरायची खाज असेल तर तीही भागवून घ्या. दहा रुपयाचा कोर्ट फी स्टॅम्प, एका अर्जात एकच विषय, तोही 150 शब्दांत, उत्तर 30 दिवसांत. आज टाकलात तर उत्तर भर पावसात मिळेल, पडवीत पाण्यात खुर्ची टाकून निवांत वाचता येईल. मागायचं काय तेही सांगतो, इस्टिमेट, वर्क ऑर्डर आणि एमबी, म्हणजे मोजमाप पुस्तिका. त्या पुस्तिकेत कोणीतरी सही करून लिहिलेलं असतं की काम आम्ही मोजलं आणि बरोबर आहे. कोणी मोजलं? कधी मोजलं? तिथे तर आमच्या गल्लीतल्या भाटीशिवाय, म्हणजे मांजरीशिवाय, कोणी आलेलं मी बघितलं नाही.

आणि कायद्यात क्षेत्रसभा म्हणूनही एक गोष्ट आहे, मतदारांनी बसून आपल्या भागातली कामं सुचवायची. आमच्याकडे होते ती फक्त शिमग्याची मीटिंग, पालखी कुठल्या घरी आधी याच्यावर भांडायला.

बरं, आता जरा ऐका. 2021 च्या शेवटी नगरपरिषदेची मुदत संपली आणि त्यानंतर जवळजवळ चार वर्षं इथे कोणी निवडून आलेलं नव्हतं, प्रशासक होता. तेव्हा हीच सगळी मंडळी, आत्ताचे दोघंही, पारावर बसून सांगायची की लोकप्रतिनिधी नाही ना म्हणून कामं होत नाहीत, बाहेरून आलेल्या साहेबाला काय कळणार इथला उतार. आम्हाला पटलं. कोर्टाने सांगितलं तेव्हा कुठे निवडणूक लागली, डिसेंबर 2025 मध्ये लायनीत उभं राहून तीन-तीन बटणं दाबली आम्ही, एक नगराध्यक्षाला आणि दोन तुम्हा दोघा नगरसेवकांना. माझी आई 80 च्या पुढची, रिक्षाने आली. तुम्ही इथले ना रे? याच पऱ्यात खेकडे पकडत मोठे झालात ना? मग पाणी कुठे जातं हे तुम्हाला माहिती नाही असं सांगू नका. माहिती आहे. उभं राहायला वेळ नव्हता एवढंच. नारळ फोडायला दोनदा वेळ होता, काँक्रीट पडताना अर्धा तास नव्हता.

प्रभागाची हद्द, त्यांची शिफारस, हे ऐकायचं नाहीये मला. कामाला दोष दायित्व कालावधी असतो, म्हणजे तेवढ्या मुदतीत काम बिघडलं तर ठेकेदारानेच ते नीट करून द्यायचं, ठेकेदाराचं डिपॉझिट अजून तुमच्या ऑफिसात पडलंय. त्याला बोलवा, तो तुकडा फोडायला लावा, आणि इंजिनिअरला समोर उभा करून परत बांधून घ्या. मृग लागायच्या आधी. पैसे आमचे आहेत, घरपट्टी आम्ही मार्चमध्येच भरलीये, उशीर झाला की महिन्याला दोन टक्के शास्ती लावता, तेव्हा नाही विचारत भिंत कुठल्या प्रभागात आहे.

आणि गल्लीतल्यांनो, तुमचंही होतंय, म्हणून सांगतो. "जाऊ दे ना, आपल्याला इथेच राहायचंय, कशाला वाईटपणा" हे मला गेटवर उभं राहून कुजबुजत सांगायला येऊ नका. इथेच राहायचंय म्हणूनच ना! ज्यांचं अंगण या वेळी कोरडं राहिलं त्यांनी खूश होऊ नये, जुलै अजून यायचाय. अर्ज लिहून ठेवलाय, मुख्याधिकाऱ्यांच्या नावाने, सोबत फोटो आहेत. रविवारी सकाळी आमच्या पडवीत ठेवतो. माडीवरून बघत राहू नका, खाली या आणि सही करा.