पीएचडी करताय? आधी दोन घड्याळं घ्या

शिक्षणशास्त्रात पीएचडी करायचं तुमच्या मनात आलं, याबद्दल अभिनंदन. तुमचं मन वळवायचा प्रयत्न मी करणार नाही. पदवीनंतर दोन वर्षं बी.एड. आणि वर दोन वर्षं एम.एड. ज्यांनी केलं, त्यांच्यापुढे घरच्यांनीही केव्हाच हात टेकलेले असतात. २०१५ च्या आधी या पदव्या साधारणपणे एकेका वर्षात उरकायच्या. मग शिक्षक चांगले घडावेत म्हणून त्या दुप्पट केल्या. शिक्षक किती सुधारले त्यावर वाद घालता येईल, फीच्या पावत्या दुप्पट झाल्या त्यावर नाही.

पहिली सूचना: शाळेत शिकवायला जाऊ नका. हो, संशोधन शिक्षणावर करायचंय, तरीही. जेआरएफसाठी, म्हणजे संशोधन करणाऱ्याला दरमहा पैसे देणाऱ्या फेलोशिपसाठी, खुल्या गटात वयाची अट तिशीची आहे (महिला आणि राखीव गटांना पाच वर्षांची सूट). आता बोटं मोजा. एकविसाव्या वर्षी पदवी, तेविसाव्या वर्षी एम.ए., मग बी.एड., एम.एड. म्हणजे सत्तावीस. एवढ्यात कुणी पाच-सहा वर्षं वर्गात उभं राहून पोरं कशी शिकतात ते पाहिलं, तर तो गृहस्थ फेलोशिपला म्हातारा ठरतो. ज्याने वर्ग पाहिलाच नाही, तो ताजातवाना. म्हणून वर्गाच्या वाऱ्याला उभे न राहता थेट नेटला बसा, म्हणजे जिच्यातून ही फेलोशिप मिळते त्या राष्ट्रीय पात्रता परीक्षेला.

नेट सोपी आहे. तीन तास, दीडशे प्रश्न, आणि चुकीच्या उत्तराला गुण कापत नाहीत. व्यवस्थेने तुमच्यावर केलेली ही शेवटची मेहेरबानी, ती ओळखून घ्या. मात्र पेपर देऊन आलात म्हणजे परीक्षा झाली असं समजू नका. २०२४ साली १८ जूनला नऊ लाखांच्या आसपास उमेदवारांनी ती दिली आणि १९ जूनला ती रद्द झाली. तेव्हा पुस्तकं लगेच रद्दीत घालू नका.

जेआरएफ लागली तर दरमहा ३७,००० रुपये. हा दर १ जानेवारी २०२३ पासूनचा. दोन वर्षांनी समितीला तुमचं काम पटलं तर ४२,०००. हा आकडा नातेवाइकांत बोलू नका, उसनं मागायला येतील. फक्त जेआरएफ हुकली आणि तुम्ही केंद्रीय विद्यापीठात असाल, तर बिगर-नेट फेलोशिपचे ८,०००. ही योजना २०१५ मध्ये बंद करायचं ठरलं, तेव्हा विद्यार्थी दिल्लीत विद्यापीठ अनुदान आयोगाच्या दारात ठिय्या देऊन बसले. आंदोलन यशस्वी झालं, योजना वाचली, आणि पुढेही कित्येक वर्षं त्याच आठ हजारांवर वाचत राहिली. राज्य विद्यापीठात असाल तर हिशेब आणखी सोपा, कारण तिथे बहुतेकांना मोजायलाच काही नसतं.

आपल्याकडे फेलोशिप देणाऱ्या बार्टी, सारथी, महाज्योती या राज्य सरकारच्या संस्था आहेत, हे तुम्ही म्हणणारच. जरूर अर्ज करा. डिसेंबर २०२३ मध्ये या फेलोशिपसाठी चाळणी परीक्षा झाली, तेव्हा उमेदवारांपुढे २०१९ च्या सेटचाच (नेटच्या राज्यस्तरीय बहिणीचाच) पेपर आला आणि परीक्षा पुन्हा घ्यावी लागली. तुमच्या प्रबंधात मात्र दहा टक्क्यांवर साम्य निघालं तर तो परत येईल आणि साठ टक्क्यांवर गेलं तर नोंदणीच रद्द होईल. आयोगाचा २०१८ चा नियमच आहे तसा. प्रश्नपत्रिकेला तो लागू नाही, याची नोंद घ्या. त्या चाळणी परीक्षेच्याच महिन्यात ‘पीएचडी करून काय दिवे लावणार’ असा प्रश्न विधिमंडळातही विचारला गेला. प्रश्न रास्त होता. फेलोशिपबरोबर किरकोळ खर्चाला जी कन्टिंजन्सी मिळते, तीतून दिव्यांचं बिल मिळत नाही.

आता मुख्य गोष्ट, पैसे मंजूर होणं आणि पैसे मिळणं यांतलं अंतर. ते पार करायला दोन माणसं लागतात. एकाचं नाव मेकर, दुसऱ्याचं चेकर. फेलोशिपच्या पोर्टलवर विद्यापीठाकडून दर महिन्याला तुमची खातरजमा व्हावी लागते: हा इसम संशोधन करतोय, पळून गेलेला नाही. मेकर ती भरतो, चेकर ती तपासून पुढे ढकलतो. दोघांपैकी एक जण रजेवर असेल, पासवर्ड विसरला असेल, किंवा निवडणुकीच्या कामाला गेला असेल, तर तुम्ही त्या महिन्यात संशोधन केलेलं नसतं. माझ्या वेळी मेकर उत्साही होते. पहिल्या तारखेला बटण दाबून मोकळे. चेकरबाईंचं टेबल मात्र दुसऱ्या इमारतीत होतं आणि बाई तिसऱ्या. साडेचार महिने मी कागदोपत्री बेपत्ता होतो. गंमत म्हणजे त्याच काळात गाइडच्या सहीचा प्रगती अहवाल ‘समाधानकारक’ म्हणून जमा झाला होता. त्यामुळे एक सांगतो. संदर्भग्रंथांची यादी पाठ नसली तरी चालेल, चेकरचा रजेचा तक्ता पाठ हवा.

पदवीच्या अटींचं फार मनावर घेऊ नका. कोर्सवर्क किमान बारा क्रेडिटचं, त्यात ५५ टक्के. दर सहामाहीला सल्लागार समितीपुढे सादरीकरण. समितीतले एक सर दर वेळी शीर्षकातला ‘परिणामकारकता’ हा शब्द बदलून ‘उपयुक्तता’ करायला सांगतील आणि पुढच्या सहामाहीला उलटं. दोन्ही वेळा मान डोलवा. शोधनिबंध छापलाच पाहिजे ही सक्ती २०२२ च्या नियमांनी काढून टाकली. आता सक्ती नाही, नुसती अपेक्षा आहे. फरक तुम्हाला गाइडच्या केबिनमध्ये कळेल. आणि कुठल्या नियतकालिकात छापायचं हे सांगणारी केअर यादी पाठ करून बसला असाल, तर ती फेब्रुवारी २०२५ मध्ये आयोगाने मोडीत काढली.

तर घड्याळं. एक पदवीचं. कमीत कमी तीन वर्षं, जास्तीत जास्त सहा, पुन्हा नोंदणी करून आणखी दोन. दुसरं पैशांचं, पाच वर्षांत थांबणारं. तिसरं घड्याळ तुमचं नाही, शाळेचं आहे, आणि शिक्षणशास्त्रवाल्यांना बुडवतं ते हेच. रसायनशास्त्रातला संशोधक रात्री दोन वाजता परीक्षानळी उघडू शकतो. तुम्हाला लागते नववीची तुकडी, तीही शुद्धीवर असलेली. जूनमध्ये प्रवेश चालू असतात. जुलैत परवानगीसाठी अर्ज करा. शिक्षणाधिकाऱ्यांचं पत्र मुख्याध्यापकांकडे येईपर्यंत सहामाही परीक्षा, मग दिवाळीची सुट्टी, मग स्नेहसंमेलन. जानेवारीत गणिताच्या बाई म्हणतात, ‘पोर्शन राहिलाय, तुम्हाला शेवटचे दोन तास देते.’ मुलांवर करून पाहायचा तुमचा प्रयोग वीस तासिकांचा असतो. पूर्वचाचणी घेऊन ठेवा, उत्तरचाचणीला तीच मुलं दहावीत गेलेली असतील. गट बदलला, वर्ष गेलं, फेलोशिपचं घड्याळ मात्र सुट्टीतही चालू. तरीही प्रकरण पाचमध्ये शून्य परिकल्पनेचा, म्हणजे ‘काही फरक पडला नाही’ या गृहीतकाचा, त्याग होईल आणि ०.०५ स्तरावर सार्थक फरक आढळेल. आढळला नाही असा प्रबंध मी तरी अजून पाहिलेला नाही.

आणखी एक. पीएचडी झाल्यावर नोकरी लागेल, असं कुणी सांगितलं असेल तर कुणी आणि कधी सांगितलं, ते तपासा. विद्यापीठात सहायक प्राध्यापक व्हायला पीएचडी सक्तीची होणार, असं ठरलं होतं. मग ते पुढे ढकललं, आणि जुलै २०२३ मध्ये नेट, सेट किंवा स्लेट पुरेशी ठरली. म्हणजे ज्या परीक्षेने तुम्हाला पीएचडीच्या दारात आणून सोडलं, तीच नोकरीच्या दारात थेट नेत होती. मधली सहा वर्षं तुमची हौस.

माझा प्रबंध सहाव्या वर्षी छापून झाला. बांधणीचं बिल घेऊन मी कन्टिंजन्सीच्या टेबलाशी गेलो. तिथे आता त्याच चेकरबाई होत्या. त्यांनी तारीख पाहिली. फेलोशिप संपून सात महिने झाले होते, बिल चालणार नव्हतं. ते परत देताना त्यांनी खुर्ची पुढे सरकवली, बसायला सांगितलं आणि आवाज खाली आणून म्हणाल्या, ‘सर, मुलगी एम.एड.च्या शेवटच्या वर्षाला आहे. पीएचडीला घालू का?’

मी म्हटलं, ‘घाला की. फक्त तुम्ही रजेवर कधी असता, ते तिला आधी सांगून ठेवा.’