‘जुनं पित्त’ म्हणून तेल-लिंबू पाजू नका

आमच्या तालुक्यातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय: "स्वादुपिंडाची सूज म्हणजे जुनं पित्त. दारुड्यांनाच होते. सात दिवस कडक उपास करा, अनशापोटी तेल-लिंबू घ्या, खडे पडून जातात, ऑपरेशन टळतं." यातलं एकही वाक्य खरं नाही.

दारूपासून सुरू करतो, कारण याच समजुतीनं माझ्या मावशीचे दोन दिवस खाल्ले. ऐन कापूस वेचणीत तिच्या बेंबीच्या वर दुखायला लागलं, थेट पाठीत आरपार. उताणं पडता येईना, उशी पोटाशी धरून वाकून बसायची. "सुरा घातल्यावानी होऊन रायलं रे," म्हणायची. ओकून आराम नाही. घरचे म्हणाले, पित्तच असेल, तो आजार पिणाऱ्यांचा. मावशीनं थेंबही घेतलेला नाही. यवतमाळला नेलं तेव्हा रक्तातलं लायपेज, म्हणजे स्वादुपिंडाचं पाचक द्रव्य, नेहमीच्या तिपटीहून जास्त, अन् सोनोग्राफीत पित्ताशयात खडे! दारू मोठं कारण आहेच, पण पित्ताचे खडेही तेवढंच मोठं कारण. पित्ताची आणि स्वादुपिंडाची नळी बहुतेकांच्यात लहान आतड्यात एकाच तोंडाशी उघडते. तिथं खडा अडकला की अन्न पचवणारा रस स्वादुपिंडाच्या ग्रंथीलाच पचवू लागतो. रक्तातलं ट्रायग्लिसराइड (एक प्रकारची चरबी) डेसिलिटरला १००० मिलिग्रॅमच्या वर गेलं तरी हेच होऊ शकतं.

हे पित्त नाही. आम्लपित्त जठरातलं, ही ग्रंथी त्याच्या मागं.

उपासाचं म्हणाल तर पूर्वी डॉक्टरही बरेच दिवस उपाशी ठेवत. आता दुखणं सौम्य असेल अन् भूक लागली, तर लवकरच खायला देतात, कारण रिकामं आतडं कमजोर पडतं आणि जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. मावशीला तिसऱ्या दिवशी मऊ भात अन् वरणाचं पाणी मिळालं. खरी गरज पहिल्या दिवशीच्या सलाईनची असते, ती घरी कशी भागणार?

तेल-लिंबू तर सगळ्यात घातक. त्यानंतर शौचातून पडणारे हिरवट गोळे खडे नसतात, तेलाचाच पोटात झालेला साबण असतो. उलट तेलामुळे पित्ताशय आकसतं आणि आतला खडा नळीत ढकलला जाऊ शकतो. मावशीचं पित्ताशय त्याच भरतीत दुर्बिणीनं काढलं.

बरं झाल्यावर दारू आणि बिडी कायमची बंद, साखर तपासत राहायची. शौच तेलकट होऊन वजन उतरलं तर डॉक्टर जेवणासोबत घ्यायच्या पाचक रसाच्या कॅप्सूल देतात. पोटाचं दुखणं पाठीत गेलं, सोबत ताप आला, डोळे पिवळे झाले किंवा लघवी कमी झाली, तर रात्र असो की पेरणी, १०८ ला फोन लावा.