गावाला सोबत घ्यायचं, तर गावाला काय देणार?

मानसिक आरोग्याच्या कामात गावाला सोबत घ्या, असं सगळे म्हणतात. आमच्याच अमरावती जिल्ह्यातल्या ३० गावांत दहाएक वर्षांपूर्वी 'विश्राम' नावाचा असाच एक प्रकल्प चालला. २०१७ साली त्याचा निबंध 'लॅन्सेट सायकिअॅट्री' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला, जगभरच्या डॉक्टरांनी वाचला. जिल्ह्यात मात्र ज्याला विचारावं तो म्हणतो, "असं काही झालं होतं का?" शेतकरी आत्महत्या म्हटलं की आपली चर्चा आकडा, मदतीचा चेक आणि मोर्चा याच्या पुढे सरकत नाही, त्यामुळे याचं नवलही वाटत नाही.

झालं होतं ते असं. गावपातळीवर काम करणारे कार्यकर्ते तयार केले. ते छोट्या छोट्या बैठका घ्यायचे, घरोघर जायचे, कोणाची झोप उडाली आहे, कोणाचं खाणंपिणं सुटलंय याकडे लक्ष ठेवायचे. ज्याला जास्त त्रास त्याला प्रशिक्षित समुपदेशकाकडे पाठवायचे. हा समुपदेशक डॉक्टर नसायचा. त्याच्याही आवाक्याबाहेरचं असेल तरच मनोविकारतज्ज्ञ. आधी नैराश्य असलेल्या १०० माणसांतली जेमतेम चार कुठे ना कुठे मदत घेत होती, नंतर २७ घेऊ लागली. वर्षभरात जीव द्यायचा विचार मनात येऊन गेला असं सांगणाऱ्यांचं प्रमाण ५.२ टक्क्यांवरून २.५ वर आलं. तुलनेसाठी दुसरी गावं घेतलेली नव्हती, म्हणून सगळं श्रेय प्रकल्पाच्या पदरात टाकता येणार नाही. आणि २७ म्हणजे ७३ अजून घरातच बसलेत, हेही विसरायचं नाही. पण चारावरून २७ वर जाणं म्हणजे काय, हे ज्यानं गावात काम केलंय त्याला कळेल.

मी तालुक्याच्या गावात मेडिकल चालवतो. माझ्या काउंटरवर येऊन "मला नैराश्य आहे" असं कोणी म्हणत नाही. "भाऊ, झोपेची एखांदी गोयी द्या ना, रातभर डोक्शात इचार सुरू रायते," असं म्हणतात. बाया तर झोपेचंही नाव काढत नाहीत. अंग दुखते, छातीत धडधड होते, हातापायाची आग होते, एखादं टॉनिक द्या. अल्प्राझोलामसारखी झोपेची गोळी शेड्यूल एच-वनमध्ये, म्हणजे कडक नियमांच्या औषधांच्या यादीत येते, चिठ्ठी लागते, रजिस्टरमध्ये डॉक्टरचं आणि पेशंटचं नाव लिहावं लागतं. मी नाही म्हटलं की माणूस पुढच्या दुकानात जातो, आणि कुठल्या ना कुठल्या दुकानात मिळतेच. (हे लिहिलं म्हणून आमचे धंदेबंधू रुसतील. रुसू द्या.) त्या माणसाला गोळीच्या आधी पंधरा मिनिटं कोणीतरी ऐकून घ्यायला हवं होतं. ते काम माझं नाही, मला जमतही नाही, मागे रांग उभी असते.

"हे सगळं तज्ज्ञांनीच करायला हवं, दहावी-बारावी शिकलेल्यांच्या हाती माणसाचं मन द्यायचं का?" असं विचारणारे माझ्या यादीत डॉक्टर मित्र आहेत. आपल्या देशात लाख लोकांमागे एक मनोविकारतज्ज्ञसुद्धा नाही, आणि जे आहेत ते शहरात. राज्यात सरकारी मनोरुग्णालयं चार: ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. आमच्या इकडच्यांना जवळचं म्हणजे नागपूर. एवढ्या लांब 'विचार सुरू रायते' एवढ्यासाठी कोण जाईल?

शिवाय साध्या माणसाला शिकवून हे काम होतं का, याची परीक्षा गोव्यात झालेली आहे. मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या 'संगाथ' संस्थेनं तिथे 'मानस' नावाचा अभ्यास केला, तो २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये आला. प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि खाजगी डॉक्टरांच्या दवाखान्यांत डॉक्टरी न शिकलेले, पण प्रशिक्षण दिलेले समुपदेशक बसवले. सरकारी केंद्रांत सहा महिन्यांनी बरे झालेले रुग्ण जवळजवळ ६६ टक्के, आणि जिथे समुपदेशक नव्हते तिथे साडेबेचाळीस. खाजगी दवाखान्यांत मात्र असा फरक दिसला नाही. मला यातलं हेच जास्त महत्त्वाचं वाटतं. खाजगी डॉक्टर आपल्या पेशंटला ओळखतो, घरच्यांची चौकशी करतो, थोडा वेळ देतो. सरकारी दवाखान्यात ओपीडीला दीडशे माणसं, डॉक्टर मान वर करून बघणार कधी? माझ्या मते तो समुपदेशक तिथली हरवलेली ओळख भरून काढत होता.

आता 'आत्मीयता' या प्रकल्पाचं सांगतो. पुण्याच्या सेंटर फॉर मेंटल हेल्थ लॉ अँड पॉलिसी या संस्थेनं हे काम आधी नाशिकच्या पेठ तालुक्यात करून पाहिलं आणि मग गुजरातेत मेहसाणा जिल्ह्यातल्या शेकडो गावांत नेलं. गावातलेच स्वयंसेवक, हातात फोन, फोनवर छोट्या फिल्म. नवरा दारू पितो, पोरगं बेकार आहे, सासू बोलते, अशा फिल्म. त्यावरून बोलणं सुरू होतं, आणि गरज असेल त्याला चार-सहा वेळा बसून ऐकतात. पण मला त्यात सगळ्यात पटलं ते कागदपत्रांचं काम. विधवेची पेन्शन अडली, अपंगाचं प्रमाणपत्र नाही, रेशनकार्डावर नाव चढत नाही, तर स्वयंसेवक त्यातही मदत करतो. ज्या बाईची झोप संजय गांधी निराधार योजनेचे पैसे थकल्यामुळे उडाली आहे, तिला खोल श्वास घ्यायला शिकवून काय होणार? आधी तहसीलचा कागद हलवा. पीकविमा, कर्ज, वीजबिल हे सगळं त्या डोक्यातच घुमत असतं, आणि आरोग्य खात्याच्या फॉर्मवर त्यासाठी रकाना नसतो.

तर गावाला सोबत घ्या, हे माझंही म्हणणं आहे. भांडण आहे ते आपल्याकडे 'लोकसहभाग' कसा मागतात याच्याशी.

सरकारनं २०१५ मध्ये विदर्भ-मराठवाड्यातल्या १४ जिल्ह्यांत 'प्रेरणा प्रकल्प' सुरू केला, त्यात आपला जिल्हाही आहे. कल्पना चांगलीच आहे. आशाताईनं घरोघर जाऊन प्रश्नावली भरायची, ज्याचे गुण जास्त त्याला पुढे पाठवायचं. पण ती आशा आधीच गरोदर बाया, लसीकरण, क्षयरोग, कुष्ठरोग, आयुष्मान कार्ड यांच्याखाली दबलेली. तिला पगार नाही, कामागणिक मोबदला आणि वर थोडं मानधन आहे. २०२३ च्या ऑक्टोबरात, दिवाळी तोंडावर असताना, राज्यभरच्या आशाताई संपावर का गेल्या होत्या ते आठवा. अशा बाईनं "गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला जगण्यात रस वाटला नाही असं किती दिवस झालं?" हा प्रश्न मन लावून विचारायचा, उत्तर येईपर्यंत थांबायचं, आणि त्या घरी परत जायचं. भागीदारीत दोघांचं भांडवल लागतं. इथे एकाचं मनुष्यबळ फुकट आणि दुसऱ्याचं नुसतं परिपत्रक.

दुसरी गोष्ट कोणी बोलत नाही. गावात गोष्ट लपत नाही. प्रश्न विचारणारी बाई तुमच्याच भावकीतली असते, तिची जाऊ तुमच्या वहिनीची मैत्रीण असते. लग्नाची पोरगी घरात असलेला बाप त्या बाईला खरं सांगेल? मी तरी सांगणार नाही. माझ्या दुकानातही लोक डॉक्टरची चिठ्ठी घडी करून उलटी ठेवतात. म्हणून सुरुवात आशाताईनं करावी, पण पुढचं बोलणं शेजारच्या गावातल्या माणसाशी करायची सोय हवी, किंवा फोनवर. १४४१६ हा टेलि-मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक मदतीच्या फोनसेवेचा नंबर फुकट आहे, चोवीस तास चालतो, मराठीत बोलता येतं. तो ग्रामपंचायतीच्या भिंतीवर रंगवायला किती खर्च येतो? भिंतीवर जागा नाही असं सांगू नका, पुढाऱ्यांच्या वाढदिवसाला ती कशी सापडते?

देवस्थानं आणि भगत यांच्याबद्दल आपल्या सुशिक्षित लोकांचं एक ठरलेलं नाक मुरडणं आहे. माझंही होतं, अजून थोडं आहे. पण माणूस पहिल्यांदा जातो तिथेच. मेहसाणा जिल्ह्यातच उनावा इथे मीरा दातार दर्गा आहे, तिथे 'दवा आणि दुआ' म्हणून काम सुरू झालं, दर्ग्यातले मुजावर आजारी माणसाला दुआ देतात आणि डॉक्टरकडेही पाठवतात. आपल्या मेळघाटात कुपोषित पोरं दवाखान्यात यावीत म्हणून भूमकांची, म्हणजे तिथल्या पारंपरिक वैदूंची मदत घेण्याचे प्रयत्न झालेच आहेत. साखळदंडानं बांधणं, चटके देणं याला मात्र माफी नाही, तिथे पोलीसच हवेत. २००१ साली तमिळनाडूत एरवाडीला दर्ग्याजवळच्या मनोरुग्णांच्या आश्रयघराला आग लागली तेव्हा साखळीत बांधलेली माणसं पळूही शकली नव्हती.

शेवटी माझ्या धंद्याचं. फ्लुओक्सेटिन किंवा एस्सिटॅलोप्राम ही नैराश्यावरची गोळी सुरू केली की गुण दिसायला दोन ते चार आठवडे लागतात, आणि बरं वाटल्यावरही महिनोन्‌महिने चालू ठेवावं लागतं. मधेच सोडलं की त्रास उलटतो. आशाताईनं शोधलेला, समुपदेशकानं समजावलेला, मोठ्या मुश्किलीनं तयार झालेला माणूस दुसऱ्या महिन्यात आरोग्य केंद्रात जातो आणि "गोळी संपली, पुढच्या आठवड्यात या" हे ऐकून माझ्याकडे येतो. हा माणूस मी काउंटरवर पाहतो. कोणी विकत घेतं. कोणी अर्धीच पट्टी घेतं. बाकीचे घरी जातात आणि पुन्हा कोणाकडेच जात नाहीत. आशाताईनंही त्या घरी पुन्हा कोणत्या तोंडानं जावं?

पुढच्या ग्रामसभेला मी दोन प्रश्न लिहून नेणार आहे. आपल्या आरोग्य केंद्रात या दोन गोळ्यांचा साठा गेल्या वर्षात किती महिने होता, आणि गाव विकास आराखड्यात मानसिक आरोग्याचं काम करणाऱ्या माणसाच्या मानधनासाठी किती रुपये धरलेत. तुमच्याकडे कोणी विचारलं असेल तर काय उत्तर मिळालं ते खाली लिहा. आरोग्य केंद्रात काम करणारे असाल तर नाव न घालता इनबॉक्समध्ये सांगितलं तरी चालेल.