भावोजी, वॉर्टहॉगचं मांस बॅगेत घालून आणू नका

रविवारी सकाळी ताईचा फोन आला. भावोजी पुढच्या महिन्यात ऑफिसातल्या दोघांबरोबर नामिबियाला चाललेत, आणि कुठल्याशा ग्रुपवरून त्यांना एक फॉरवर्ड आलाय: "आफ्रिकेतली रानडुकराची शिकार: सोपी, स्वस्त, आरोग्यदायी!" ताई म्हणाली, "तू जनावरांचा डॉक्टर ना, वाचून सांग." वाचला. चहा गार झाला.

सुरुवात फोटोपासूनच. मजकूर आफ्रिकेचा, आणि डुकराच्या मागे बर्फ. तो युरोपातला रानडुक्कर आहे. आफ्रिकेच्या मैदानात दिसतो तो वॉर्टहॉग, कूळ तेच पण जात वेगळी. तोंडावर चामखिळी, गुडघे टेकल्यासारखा बसून गवत खाणारा, पळताना शेपटी अँटेनासारखी ताठ. "आपलंच रानडुक्कर, तिकडेही पिकाची नासाडी करतं" ही ओळ म्हणूनच फसवी. रात्री पिकात घुसण्याबद्दल तिकडे बदनाम आहे तो बुशपिग, तिकडचंच दुसरं जंगली डुक्कर. वॉर्टहॉग दिवसा हिंडतो आणि रात्री बिळात झोपतो. आमच्या सावंतवाडीकडे नाचणीसाठी रात्र रात्र माळ्यावर जागणाऱ्यांना हा फॉरवर्ड गोड लागणारच, त्यांचा राग मला कळतो. पण म्हणून प्राणी बदलत नाही.

"परवाना वगैरे काही लागत नाही." केनियात शिकारीवर १९७७ पासून बंदी आहे. दक्षिण आफ्रिकेत स्वतःची बंदूक न्यायची तर पोलिसांचा तात्पुरता परवाना लागतो. नामिबियात पाहुण्याला परवानाधारक शिकारी-मार्गदर्शकाशिवाय ट्रॉफीची (म्हणजे सुळे-शिंगं आठवण म्हणून नेण्यासाठीची) शिकार करता येत नाही. पुढे.

"माणूस दिसला की अंगावर येतं." बहुतेक वेळा ते पळतं. मात्र बिळाच्या तोंडाशी उभं राहू नये. मोठं वॉर्टहॉग बिळात पाठमोरं शिरतं, म्हणजे बाहेर पडताना आधी सुळे येतात.

"मांस वाया जात नाही" हे मात्र, कुरकुरत का होईना, बरंचसं खरं म्हणावं लागेल. ते कॅम्पच्या स्वयंपाकघरात जातं, शेतावरच्या कामगारांना मिळतं.

आता ज्या मुद्द्यावर माझं डोकं फिरलं तो. शब्दशः असा (बिल्टाँग म्हणजे तिकडचं मीठ लावून वाळवलेलं मांस): "जंगली डुकराला रोग नसतो, त्यामुळे मांस शुद्ध. वाळवून बिल्टाँग करा, बॅगेत टाका, घरच्यांनाही चाखवा."

आर. युस्टेस मॉन्टगोमेरी या पशुवैद्याने १९२१ मध्ये केनियातल्या एका डुक्करतापाचं वर्णन छापलं. बाहेरून आणलेली पाळीव डुकरं पटापट मरत होती आणि संशय जंगली डुकरांवर होता. तोच आफ्रिकन स्वाइन फीव्हर. पुढे उलगडलं ते असं: वॉर्टहॉगच्या बिळात मऊ पाठीच्या गोचिडी राहतात, त्या पिल्लांना चावतात, विषाणू अंगात शिरतो, पिल्लू मजेत वाढतं. मोठ्या जनावराच्या लसिकाग्रंथींतही विषाणू सापडतो. म्हणजे ज्याला फॉरवर्डवाला "रोग नसतो" म्हणतो, ते रोगाचं घर आहे, फक्त घरमालक आजारी पडत नाही. पाळीव डुकरात गेला की बहुतेक सगळी मरतात, औषध नाही.

माणसाला हा रोग होत नाही, हे खरं. म्हणूनच तो माणसाच्या बॅगेतून निर्धास्त फिरतो. मीठ लावून वाळवलं म्हणजे शिजवलं नव्हे. न शिजलेल्या मांसात हा विषाणू दीर्घकाळ टिकतो. भावोजींनी बिल्टाँग आणलं, पोरांनी अर्धं खाऊन टाकलं, उरलेलं खरकट्यात गेलं, खरकटं डुकरांच्या गोठ्यात. बांद्यापलीकडे गोव्यात घरोघरी डुकरं पाळणारी माणसं आहेत, त्यांचं काय? ही नुसती कल्पना नाही. २००७ मध्ये हा रोग जॉर्जियात पोचला, तो बंदरात उतरलेल्या जहाजांच्या खरकट्यातून, असाच अंदाज आहे. २०१८ मध्ये चीन, २०२० मध्ये आसाम आणि अरुणाचल.

आणि "शुद्ध" म्हणाल तर, वॉर्टहॉग आणि बुशपिगच्या मांसात ट्रिकिनेला नावाचे कृमी असू शकतात. जंगली प्राण्यांतल्या यांच्या काही जाती फ्रीझरलाही दाद देत नाहीत. जंगली मांस आतपर्यंत ७१ अंश सेल्सिअसला शिजवावं, असं अमेरिकेच्या आरोग्य खात्याचं सांगणं. वाळवणं यात बसत नाही.

"वॉर्टहॉग साइट्सच्या यादीत नाही, म्हणून आणायला मोकळं" हेही अर्धसत्य. साइट्स म्हणजे वन्यजीवांच्या व्यापारावरचा आंतरराष्ट्रीय करार. त्याच्या यादीत नाही हे बरोबर. पण पशुजन्य पदार्थ भारतात आणायला १८९८ च्या पशुधन आयात कायद्याखाली वेगळा सॅनिटरी परवाना लागतो, तो बॅगेतल्या पुडीला कोण देणार?

हे सगळं ताईला लिहून पाठवलं. दहा मिनिटांनी भावोजींचा मेसेज: "मग कुडूचं, त्या आफ्रिकेतल्या हरणासारख्या प्राण्याचं, बिल्टाँग चालेल का?"

नाही. पाव किलोसुद्धा नाही.