आई, ऑल्दो आणि बट

आधी एक गोष्ट क्लिअर करते. चिनी भाषेत मावशी-काकूच्या वयाच्या कुठल्याही बाईला 'आयी' म्हणतात आणि ऐकताना ते अगदी आपल्या 'आई'सारखं वाटतं, फक्त शेवटची ई जरा वर चढवायची, लाडात आलेलं पोर हाक मारतं तशी. हे मी सासूबाईंना वेळेत सांगून ठेवायला हवं होतं. कारण झालं काय, मी त्यांच्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होते, दार उघडंच होतं, आणि चांगला उंचापुरा, मिसरूड फुटलेला, जाड चष्म्याचा एक चिनी मुलगा हातात पेपरांचा गठ्ठा घेऊन "आईऽऽ" करत सरळ हॉलमधे आला. सासूबाईंनी स्वतःचा चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, "हे कधी झालं?"

तेव्हापासून आमच्या घरात त्याचं नाव चिरंजीव.

नवऱ्याच्या नोकरीमुळे आम्ही शांघायजवळ सुझोऊला राहत होतो आणि चिरंजीव समोरच्या फ्लॅटमधले. २०२३ चा सप्टेंबर, तो नुकताच बारावीत गेलेला, म्हणजे पुढच्या जूनमधे गाओखाओ, म्हणजे आपली दहावी, बारावी आणि सीईटी एकत्र कुटून केलेली परीक्षा, एकूण ७५० मार्क, त्यातले १५० एकट्या इंग्लिशचे. त्याच्या खऱ्या आईने मला लिफ्टमधे गाठलं, मोबाइल तोंडापुढे धरून काहीतरी बोलली आणि मोबाइल माझ्याशी इंग्लिशमधे बोलला, की तुम्ही भारतीय, तुमची तर भाषाच इंग्लिश, माझ्या मुलाला आठवड्यातून दोनदा बघाल का. आता त्या मोबाइलला कुणी सांगावं की मी जिल्हा परिषदेच्या मराठी शाळेतली, आमच्या वेळेला एबीसीडी पाचवीत सुरू व्हायची, आणि वाक्यातला टू काढा, नो सूनर लावा, पॅसिव्ह करा एवढ्या भांडवलावर मी दहावी सुटलेली आहे. पण लिफ्ट आमच्या मजल्यावर पोचली होती आणि भारताची इज्जत वगैरे, मी हो म्हटलं. पैशाचा प्रश्नच नव्हता, २०२१ पासून तिकडच्या सरकारने खासगी क्लासवाल्यांना चांगलाच चाप लावलाय आणि माझा व्हिसा नवऱ्याच्या शेपटाला बांधलेला. ठरलं असं की मी त्याचं इंग्लिश बघायचं, त्याच्या आईने माझं चिनी बघायचं, आणि मधे मधे डबे.

पहिल्या दिवशी मी जय्यत तयारीने बसले होते, टेन्सेसचा तक्ता वगैरे काढून. चिरंजीवांनी पेपर पुढे सरकवला, एका वाक्यावर पेन ठेवलं आणि विचारलं, आई, इथे अॅट्रिब्यूटिव्ह क्लॉज आहे की अॅपोझिटिव्ह क्लॉज?

मी म्हटलं, चहा घेणार का?

या पोराला व्याकरणातली सगळी नावं तोंडपाठ होती. आमचे गुरुजी उभ्या जन्मात बोलले नसतील असले शब्द. पण त्याला विचारा "व्हॉट डिड यू ईट टुडे", तर घशात काटा अडकल्यासारखा चेहरा. चिनी लोकांनीच याला नाव ठेवलंय, याबा यिंगयू, म्हणजे मुकी इंग्लिश. सगळं कळतं, पेपरात मार्क पडतात, आवाज फुटत नाही. माझं बरोब्बर उलटं, मला कळत काही नाही पण आवाज दणदणीत. थोडक्यात आंधळ्या-लंगड्याची जोडी जमली आणि आम्ही निघालो.

पहिला खड्डा येस-नोचा. मी विचारलं, "डिडन्ट यू ब्रिंग द अदर पेपर?" तो म्हणाला, "येस." मी हात पुढे केला. तो माझ्या हाताकडे बघतोय, मी त्याच्याकडे. मग लक्षात आलं, त्याचं येस म्हणजे 'हो, बरोबर बोललात, नाही आणला'. चिनीत असंच उत्तर देतात. आणि मी त्याला मोठ्या तोऱ्यात समजवायला तोंड उघडलं आणि मिटलं, कारण आपण तरी काय करतो? "जेवला नाहीस का अजून?" "हो ना, नाही जेवलो." विमानतळावर एका बाईने नवऱ्याला विचारलं होतं, "यू डोन्ट हॅव एनी लिक्विड्स, राइट?" आणि नवरा तुपाची बरणी नसल्याच्या अभिमानाने म्हणाला होता, "येस!" त्या येसपायी आमची अख्खी बॅग उघडली गेली, मेथीचे ठेपले सगळ्या लायनीने बघितले.

मग ही आणि शी. बोलताना चिनीत तो, ती, ते सगळ्यांना एकच 'था', लिहिताना चिन्हं वेगळी पण कानाला एकच. त्यामुळे चिरंजीवांनी आजोबांवर लिहिलेला निबंध वाचून दाखवला त्यात आजोबा पहिल्या ओळीत ही होते, दुसऱ्या ओळीत शी झाल्या, तिसऱ्या ओळीत स्वतःच्या नवऱ्यासाठी भाजी लावत होत्या आणि शेवटी सैन्यातून रिटायर झाले. मी हसले तर तो म्हणाला, तुमच्या भाषेत कसं असतं? मी सांगितलं, की आमच्यात नुसती माणसंच नाही, वस्तूसुद्धा, टेबल ते, खुर्ची ती, पंखा तो, आणि क्रियापदही त्याप्रमाणे, तो पडला, ती पडली, ते पडलं. खुर्ची बाई का? त्याने विचारलं. मी म्हटलं, तुमच्यात छत्री, सुरी आणि खुर्ची मोजायला एकच 'पा' का? तो म्हणाला, तिन्हींना धरायला जागा असते. च्यायला, याच्याकडे लॉजिक होतं. माझ्याकडे खुर्चीबद्दल काहीच नव्हतं.

पण खरी बेइज्जती इंग्लिशमधल्या 'द'वर झाली. 'द' त्यांच्यातही नाही, आपल्यातही नाही, म्हणजे दोन पोहता न येणारी माणसं एकमेकांना स्विमिंग शिकवतायत. मी शाळेतला नियम सांगितला, जी गोष्ट जगात एकच आहे तिला द. द सन. द मून. तो म्हणाला, मग द मार्स का नाही? मार्स पण एकच आहे.

मी परत चहा टाकला. त्या वर्षी आमच्या घरात चहापत्तीचा खप दुप्पट झाला होता.

मग तो ऐतिहासिक मंगळवार. मी वहीत उदाहरण लिहून दिलं, अगदी पुस्तकी, 'ऑल्दो ही इज पुअर, बट ही इज ऑनेस्ट.' आपलं नेहमीचं, जरी तो गरीब असला तरी प्रामाणिक आहे. चिरंजीवांनी वाक्य बघितलं, लाल पेन काढलं, अतिशय आदराने 'बट'वर एक रेघ मारली आणि म्हणाला, "आई, ऑल्दो अँड बट कॅनॉट लिव्ह टुगेदर."

चिनीत 'स्वेइरान' आलं की पाठोपाठ 'तानशी' येतंच, 'यिनवेइ' आलं की 'सुओयी' येतं, आपल्या जरी-तरी आणि कारण-म्हणून सारखे जोडीने फिरणारे शब्द. त्यामुळे पोरं इंग्लिशमधेही दोघांना बरोबर नेतात, बिकॉज सो, ऑल्दो बट, आणि तिथले मास्तर पहिल्या वर्षापासून हीच एक चूक ठोकून ठोकून काढतात. म्हणजे त्याची चूक ठोकून निघाली होती आणि माझी पंचवीस वर्षं मुरांब्यासारखी मुरत बसली होती. आम्हाला शाळेत ऑल्दो-येट शिकवलं होतं हे मला नंतर आठवलं, त्यातला येट कुठेतरी कराडच्या स्टँडवर उतरून गेला आणि त्याच्या सीटवर बट येऊन बसला, कुणाला पत्ताच नाही. मी त्या रात्री माझे जुने ऑफिसचे ईमेल उघडून बघितले. बघू नका कुणी आपापले.

एवढं असून मी काहीच शिकवलं नाही असं मात्र नाही हं. रीडिंगमधे माझा हात होता. पेपरात चार उतारे असतात, ए पासून डी पर्यंत, ए म्हणजे जाहिरातबिहिरात, सोपा, आणि डी पर्यंत जाता जाता कसलं तरी संशोधन आणि पाच पाच ओळींची वाक्यं. चिरंजीव तिथे गळपटायचे. मग त्यांच्यात पोरांचा एक मंत्र आहे, मला त्याने फार गुपचूप सांगितला, तीन पर्याय छोटे नि एक लांब तर लांब निवड, तीन लांब नि एक छोटा तर छोटा निवड, दोन-दोन असले तर बी, आणि सगळेच वाकडेतिकडे असतील तर सी अजिंक्य आहे. आपल्या अक्कड बक्कडपेक्षा बराच शास्त्रशुद्ध.

मी म्हटलं हे बंद. एक वाक्य लिहिलं, 'द बॉय हू लॉस्ट द अंब्रेला दॅट हिज मदर बॉट यस्टरडे इज क्रायिंग.' कोण रडतंय? तो म्हणाला, मदर. बरोबरच आहे, त्या बाईचे पैसे गेलेत. पण मला एकदम जाणवलं की हा का अडकतोय, कारण मीही तिथेच अडकायचे. मराठीत हे वाक्य काय होतं, काल आईने आणलेली छत्री हरवलेला मुलगा रडतोय. आधी सगळी भानगड आणि मग शेवटी मुलगा येतो. चिनीतही तसंच, आधी भानगड, मग एक 'द' (हा चिनी द, इंग्लिशमधला नव्हे) आणि त्या द च्या मागून मुलगा, आपला 'लेला' जे काम करतो ते त्यांचा 'द' करतो. इंग्रज मात्र मुलाला आधी आणून उभा करतो, मग त्याची छत्री, मग छत्रीची आई, मग कालचा दिवस, आणि तोपर्यंत मुलगा कुठे उभा होता तेच आपण विसरतो. आम्हा दोघांना वाक्य शेवटाकडून वाचायची सवय आणि साहेब बोलतो पुढून!

मग मी युक्ती काढली. हू, विच, दॅट दिसलं की पेन्सिलीने कंस उघड, भानगड संपली की कंस बंद कर, आणि कंसातलं सगळं उचलून मुलाच्या आधी नेऊन ठेव, घरच्यासारखं. पहिले काही आठवडे उताऱ्याचा कागद बीजगणितासारखा दिसायचा. पण गाडी लागली रुळावर. फेब्रुवारीपर्यंत सी उतारा निघायला लागला, डी मधे पण दोन-तीन उत्तरं यायला लागली. शब्दांचं काही मी करू शकले नाही, साडेतीन हजार शब्दांची यादी असते, एबीसीडीप्रमाणे लावलेली, आणि त्यात अगदी सुरुवातीलाच येतो अबँडन, म्हणजे सोडून देणे. यादी घेऊन बसलेली पोरं अबँडनपाशीच अबँडन करतात हा चीनभरचा जुना जोक आहे. चिरंजीव दर रविवारी नव्याने अबँडनपासून सुरू करायचे, त्यामुळे त्या एका शब्दावर त्यांचं प्रभुत्व वादातीत.

आणि हो, ली हुआ राहिला. लिहायच्या प्रश्नात बहुतेक वेळा असतं, 'समजा तुम्ही ली हुआ आहात', आणि मग परदेशी मित्राला पत्र. आपण पत्राखाली अ. ब. क. लिहायचो ना, तसा हा, पण अ. ब. क. ला कधी एवढे फॉरेनचे मित्र नव्हते. २०१७ च्या एका पेपरात ली हुआ लेस्लीला चिनी शिकवत होता आणि पुढच्या तासाला थांग काळातल्या कविता घेऊ म्हणत होता. किती वर्षं झाली, पोरं येतात, पास होऊन जातात, हा बिचारा अजून शाळेतच. चिरंजीवांबरोबर मी इतकी पत्रं तपासली की एकदा नणंदेला मेसेज करताना शेवटी 'लुकिंग फॉरवर्ड टू युवर रिप्लाय, युवर्स, ली हुआ' लिहून बसले होते.

परीक्षेच्या वेळी एक वेगळंच प्रकरण. तिकडे आया शाळेच्या गेटवर छीपाओ, म्हणजे त्यांचा पारंपरिक ड्रेस, घालून उभ्या राहतात, कारण छीपाओमधला 'छी' म्हणजे झेंडा, झेंडा फडकला की विजय, असा त्या नावावर कोटी करून केलेला शकुन. चिरंजीवांच्या खऱ्या आईने लाल छीपाओ शिवून घेतला आणि मला म्हणाली, तू पण ये, तुमचा लाल ड्रेस घालून. मी साडी नेसले. ८ जून २०२४, इंग्लिशचा पेपर दुपारी ३ ते ५, सुझोऊचा तो दमट उकाडा, आणि मी लग्नातला लाल शालू नेसून चिनी शाळेच्या गेटवर. अहो, पोलीसमामांनी पण फोटो काढला. त्या वर्षी १ कोटी ३४ लाख पोरं परीक्षेला बसली होती, त्यातल्या बऱ्याच जणांच्या आया कुठल्या ना कुठल्या गेटवर असतील, पण शालूवाली बहुतेक मी एकटीच.

पाच वाजता तो बाहेर आला. मी विचारलं, "वॉजन्ट इट डिफिकल्ट?" तो म्हणाला, "येस." मग थांबला, चष्मा वर केला, "नो." मग परत, "येस." त्याची आई माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, चांगला गेलाय, जेवायला चला. ली हुआने यावेळी क्रिसला बागेत झालेल्या चित्रकलेच्या तासाबद्दल ईमेल लिहिला म्हणे.

जूनअखेर निकाल लागला, इंग्लिशमधे १२४. त्याच्या आईने पानात गुंडाळलेल्या झोंगझींची टोपली आणली, आपल्या पातोळ्यांची चुलत बहीण, आत चिकट भात आणि लाल चिनी बोरं. टोपलीत एक कार्ड, चिरंजीवांच्या अक्षरात, एकच ओळ, 'डिअर आई, ऑल्दो यू आर नॉट फ्रॉम इंग्लंड, बट युवर इंग्लिश इज द बेस्ट.'

मला भरून आलं. मी फोटो काढला, नवऱ्याला दाखवला, तो म्हणाला वा, पोराने किती सुंदर आणि बिनचूक लिहिलंय. सासूबाईंना पाठवला. नणंदेला पाठवला. माझ्या शाळेच्या ग्रुपवर टाकला, तिथे सदतीस जणांनी टाळ्या वाजवल्या, त्यात तीन जण आता इंग्लिशचे शिक्षक आहेत.

रात्री अकराला कणीक झाकून ठेवताना माझा हात थांबला. चष्मा लावून कार्ड परत बघितलं. 'बट'च्या खाली अगदी बारीक लाल रेघ होती, आणि शेजारी एक छोटासा हसरा चेहरा काढलेला.