अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या मताला ‘एक्सपायरी डेट’ नाही

‘अमेरिकेत कृष्णवर्णीयांना मताचा हक्क २५-२५ वर्षांसाठीच मिळतो. संसदेने मुदत वाढवली नाही तर २०३२ ला तो संपणार!’ हा फॉरवर्ड पुन्हा फिरतोय. आधी यात २००७ साल असायचं. ते आलं नि गेलं, मग नुसता आकडा बदलला.

‘हक्क संपणार’: नाही. तो १८७० च्या पंधराव्या घटनादुरुस्तीतून आलाय आणि तिला मुदत नाही.

‘मग मुदतवाढ कशाला देतात?’: ती १९६५ च्या व्होटिंग राइट्स ॲक्टमधल्या (मतदान हक्क कायद्यातल्या) काही कलमांना. घटनेतला हक्क दक्षिणेत बराच काळ कागदावरच होता. मिसिसिपीत नाव नोंदवायला गेलं की अधिकारी त्या राज्याच्या स्वतःच्या घटनेतल्या २८५ कलमांतलं त्याला हवं ते पुढे ठेवायचा. ते उतरवून काढा, खाली अर्थ लिहा. बरोबर की चूक, ठरवणार तोच! शिकलीसवरलेली कृष्णवर्णीय माणसंही यात नापास व्हायची. १९६४ मध्ये तिथल्या प्रौढ कृष्णवर्णीयांपैकी जेमतेम ६.७ टक्के मतदारयादीत होते. कायदा आल्यावर तीनेक वर्षांत ते ५९ टक्क्यांवर गेले.

असा इतिहास असलेल्या भागांना निवडणुकीचा साधा नियम बदलायलाही आधी केंद्राची मंजुरी लागे. ही अट तात्पुरती म्हणून घातलेली, त्यामुळे मुदत आली: आधी ५ वर्षं, मग ५, ७, २५ आणि २००६ मध्ये पुन्हा २५. मतदानात भेदभावाला बंदी करणारं याच कायद्याचं कलम २ मात्र बेमुदत आहे.

‘कायदा फक्त काळ्यांसाठी’: हेही नाही. १९७५ मध्ये त्यात भाषिक अल्पसंख्याक आले. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये मतपत्रिकेवर बंगाली दिसते ती त्यामुळेच.

‘सगळं संसदेच्या हातात’: इथे तर फॉरवर्डवाल्यांनी खरी बातमीच सोडली. २००६ ची मुदतवाढ सिनेटने ९८-० ने मंजूर केली होती. तरी २५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने शेल्बी काउंटी (अलाबामा राज्यातला एक जिल्हा) खटल्यात ५-४ ने निकाल दिला, की कुठल्या भागांना मंजुरी लागेल हे ठरवणारं सूत्र जुनाट झालंय. सूत्र रद्द, म्हणून मंजुरीची अट कायद्यात असूनही लंगडी. टेक्सासने त्याच दिवशी आपला मंजुरीअभावी अडलेला, मतदानाला ओळखपत्र मागणारा कायदा लागू होत असल्याचं जाहीर केलं. त्यात पिस्तुलाचा परवाना चालायचा, कॉलेजचं ओळखपत्र नाही.